घरचंच बी लावून स्कॉच बॉनेट मिरची दोन-तीन वर्षांत बदलते, त्यावर उपाय

गेल्या आठवड्यात कॅनडातल्या ब्रँप्टनहून मावसबहिणीचा व्हॉइस मेसेज आला, ताई अगं माझ्या बॉनेटच्या मिरच्या यंदा ओळखूच येत नाहीयेत, अर्धी झाडं लांबोडकी मिरची देतायत आणि एक झाड तर भोपळी मिरचीसारखं फिकं, तिखटच नसलेलं, निघालं, बी म्हातारं झालं का गं? तिने तिथल्या वेस्ट इंडियन दुकानातून मिरच्या आणून बी काढलं होतं, पहिल्या वर्षी झकास आल्या, दुसऱ्या वर्षी बऱ्या आल्या आणि तिसऱ्या वर्षी हे असं. हाच प्रश्न मला इथे जमैकात, किंग्स्टनमध्ये आपल्या लोकांकडून दर वर्षी दोन-तीनदा तरी येतो आणि माझ्या स्वतःच्या परसातही हेच झालं होतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक दिली की झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कॉच बॉनेट ही जमैकाची जीव की प्राण मिरची. चपटी, खाली चुण्या पडलेली, स्कॉटिश लोकांच्या गोल टोपीसारखी दिसते म्हणून हे नाव. स्कोव्हिलमध्ये, म्हणजे तिखटपणा मोजायच्या मापात, साधारण १ लाख ते साडेतीन लाख, म्हणजे ठेच्याला एका वेळी अर्धी मिरचीसुद्धा पुष्कळ होते. पण खरी ओळख तिखटपणापेक्षा वासाची. पिकलेली पिवळी बॉनेट कापली की पिकल्या जर्दाळूसारखा एक गोड वास खोलीभर पसरतो आणि त्याच्या मागून झणका येतो. इथे राइस अँड पीज करताना, पीज म्हणजे राजमा बरं का, नारळाच्या दुधात अख्खी मिरची देठासकट सोडतात आणि भात शिजला की न फुटू देता अलगद काढून घेतात. भाताला वास लागतो, जाळ होत नाही. बदललेल्या मिरचीत सगळ्यात आधी हा वास जातो, आकार नंतर. त्यामुळे शंका आली की पहिल्यांदा कापून वास घ्या.

शास्त्रीय भाषेत ही कॅप्सिकम चायनेन्स जातीची. चीनशी संबंध काहीही नाही, १७७६ मध्ये जॅकिन नावाच्या शास्त्रज्ञाने चुकीच्या समजुतीने ते नाव ठेवलं आणि ते तसंच राहिलं, मूळ गाव अॅमेझॉनचं खोरं. हॅबनेरो याच जातीची, त्रिनिदादची मोरुगा स्कॉर्पियन याच जातीची आणि आपल्या ईशान्येकडची भूत जोलोकियासुद्धा मुख्यतः हीच. हे सांगायचं कारण पुढे येईल, कारण एका जातीतल्या मिरच्या एकमेकींशी अगदी सहज संकर करतात.

आता माझी गोष्ट. २०२० मध्ये आमच्या ओळखीच्या एका आजींनी मला मूठभर बी दिलं. त्या जमैकातल्याच दक्षिण सेंट एलिझाबेथ परगण्यातल्या, जिथे पाऊस कमी म्हणून लोक गिनी गवताचं जाड आच्छादन घालून त्या लालभडक मातीत शेती करतात, कांद्याची पात, थाइम, मिरची सगळं त्या गवताखालच्या ओलीवर येतं. आजींच्या घरात ही पिवळी बॉनेट त्यांच्या आईच्या वेळेपासून आहे. बी कागदाच्या पुडीत बांधून देताना एवढंच म्हणाल्या, पोरी, हिच्याजवळ दुसरी मिरची लावू नकोस. मी हो म्हटलं आणि २०२१ मध्ये त्याच वाफ्याच्या शेजारी त्रिनिदादची सीझनिंग पेपर लावली, वासाची असते, तिखट जवळजवळ नसते, मुलांच्या जेवणात घालायला बरी पडते म्हणून.

त्या वर्षी बॉनेटला काहीच झालं नाही, अगदी नेहमीसारख्या मिरच्या. आणि इथेच सगळे फसतात. लोकांना वाटतं शेजारी फिकी मिरची असली की तिखट मिरची त्याच वर्षी फिकी पडते, तसं होत नाही. फळ आईच्या झाडाचं असतं, त्यामुळे ते आईसारखंच येतं. भेसळ होते ती आतल्या बियांत, आणि ती दिसते ते बी पेरल्यावर. म्हणजे २०२१ च्या बियांपासून २०२२ मध्ये जी झाडं आली त्यातली काही जरा लांबट मिरच्यांची होती, पण तिखट होतीच, मी म्हटलं हवामान असेल. २०२२ चं बी २०२३ ला लावलं आणि मग सगळा गोंधळ समोर आला, चौदा झाडांत तीन झाडं साफ फिकी, दोन-तीन शेपटीवाली, एक लाल आणि आजींच्या मिरचीसारखी जेमतेम पाच.

असं टप्प्याने का होतं ते समजून घेतलं की पुढचं सोपं आहे. मिरचीत तिखटपणा असणं हे नसण्यावर भारी पडतं. तिखट आणि फिकी यांचा संकर झाला की पहिली पिढी सगळी तिखटच निघते, दोष आत लपून बसतो. त्या पिढीच्या बियांतून दुसरी पिढी आली की साधारण चारात एक झाड फिकं निघतं. आकाराचं, रंगाचं पण तसंच, दुसऱ्या पिढीत सगळं सुटं सुटं होऊन बाहेर येतं. म्हणून तक्रार नेहमी चूक झाल्यावर दोन वर्षांनी येते आणि तोवर चूक कोणती ते आठवतही नसतं. बी म्हातारं होऊन मिरची फिकी होत नाही, म्हातारं बी फक्त उगवत नाही.

पण थांबा, मिरची वेगळी दिसली म्हणून लगेच भेसळ म्हणू नका. मी आधी एक साधी गोष्ट बघते, सगळी झाडं बिघडलीत की काहीच? सगळीच्या सगळी एकाच प्रकारे बिघडली असतील तर दोष बहुधा बियांत नसून हवापाण्यात किंवा रोगात असतो. भेसळीचं बी सहसा सगळ्यांना सारखं करत नाही, बाजूबाजूच्या दोन झाडांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. पहिल्या बहराच्या दोन-चार मिरच्यांवरून तर काहीच ठरवू नका. शुद्ध बॉनेटच्या झाडावरसुद्धा सुरुवातीला वेड्यावाकड्या, टोपी न झालेल्या मिरच्या येतात, आणि एकाच फांदीवर एक टोपी आणि एक चिंचोळी अशी जोडी मी कितीदा बघितलीय. झाडावर निदान आठ-दहा पिकलेली फळं दिसेपर्यंत धीर धरा.

तिखटपणा कमी वाटला तर पाणी आणि खत आठवा. रोज भरपूर पाणी आणि वर नत्र भरपूर, म्हणजे झाड हिरवंगार, उंच आणि मिरची मवाळ, हे अनुभवाने सांगते. शेणखत द्या पण युरिया मारत बसू नका. हिरवी मिरची चाखून निकाल देऊ नका, पूर्ण रंग आल्यावरच चाखा. चाखायचं म्हणजे जिभेच्या टोकाला टाचणीएवढा तुकडा, आतल्या पांढऱ्या शिरेजवळचा, कारण तिखट तिथेच तयार होतं, बियांत नाही.

पानं आक्रसली, शेंड्याकडची कोवळी पानं खाली वळून अरुंद झाली, मागची बाजू तांबूस चमकायला लागली, तर ती कोळी कीड आहे, डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक, भिंगाने दिसते. आपल्याकडे ज्याला चुरडामुरडा म्हणतात तसं झाड दिसतं आणि फळं खडबडीत, वाकडी होतात. गंधक, ते नसेल तर कडुनिंबाचं तेल, पानांच्या मागून, संध्याकाळी, आठवड्याने परत. दोन्ही एकत्र मारू नका आणि भर उन्हात अजिबात नको, पानं भाजतात. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे, पान चुरगळलेलं आणि झाड खुजं राहिलं तर व्हायरस. जमैकात बॉनेटला टोबॅको एच (Etch) व्हायरस फार पूर्वीपासून छळतोय, मावा तो पसरवतो, आणि मावा नुसता सोंड टोचून पुढच्या झाडावर गेला तरी काम झालेलं असतं, त्यामुळे फवारणीने तो थांबत नाही. असं झाड दिसलं की उपटायचं, जीव तुटला तरी उपटायचं. या व्हायरसची भीती बियांतून नसते, पण मोझॅकचे, म्हणजे पानांवर चट्टे पाडणारे, दुसरे काही व्हायरस बियांच्या सालीला चिकटून पुढच्या वर्षी जातात, म्हणून आजारी झाडाचं बी मी धरतच नाही.

फूल आलं आणि गळलं, हा वेगळा प्रश्न, त्याचा बियांशी संबंध नाही. दिवसा ३५ अंशांच्या आसपास आणि रात्रीही उकाडा असला की बॉनेट फुलं टाकते. किंग्स्टनमध्ये जुलै-ऑगस्टला हे होतंच, ऑक्टोबरनंतर आपोआप थांबतं, त्यासाठी महागडी टॉनिकं आणू नका.

आता भेसळच आहे अशी खात्री झाली तर फुलं बघा. खऱ्या बॉनेटला एका पेऱ्यावर दोन-तीन फुलं येतात, पाकळ्या हिरवट पांढऱ्या, आत परागकोश जांभळट निळे, आणि पिकल्या मिरचीच्या देठाखाली जिथे देठाची हिरवी टोपी बसते तिथे दोऱ्याने आवळल्यासारखी एक खाच असते. एका पेऱ्यावर एकच शुभ्र पांढरं फूल येत असेल तर कुठेतरी आपली नेहमीची मिरची, म्हणजे कॅप्सिकम अॅन्यूम घुसलीय, तो संकर कमी होतो पण होतो. बाकी हॅबनेरो किंवा सीझनिंग पेपर घुसली असेल तर फुलांवरून कळणार नाही, तिथे फळ आणि वास हेच साक्षीदार.

भेसळ झालेलं बी परत शुद्ध करता येतं का? येतं, पण दर पिढीला निवडून, पिशवी बांधून, पाच-सहा पिढ्या जातात आणि शेवटी जे मिळतं ते बॉनेटसारखं असतं, आजींची बॉनेट नसते. म्हणून माझं स्पष्ट मत, मागे जा. जिथून आणलं त्याच्याकडे परत मागा किंवा भेसळ व्हायच्या आधीच्या वर्षाचं बी शोधा. माझं नशीब की २०२० च्या मिरच्यांतलं थोडं बी एका कॉफीच्या बाटलीत कपाटात राहिलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मोजून चाळीस बिया लावल्या. ओल्या टिशूत गुंडाळून डबीत घातल्या, डबी फ्रिजच्या वरच्या उबेत ठेवली, कारण या जातीला २७ ते ३० अंश मिळाले नाहीत तर ती महिना महिना हलत नाही. अठराव्या दिवशी पहिलं पांढरं मूळ दिसलं. चाळिसातल्या चौदा उगवल्या. साडेतीन वर्षं किंग्स्टनच्या दमट हवेत काढलेल्या बियांकडून मी एवढीही आशा धरली नव्हती.

त्या चौदा रोपांपासून मी जे करतेय ते सांगते, हाच खरा उपाय. भारतात बियाणं प्रमाणित करताना मिरचीच्या पायाभूत बियाण्याला, म्हणजे ज्यापासून पुढे प्रमाणित बी तयार करतात त्याला, ४०० मीटर आणि प्रमाणित बियाण्याला २०० मीटर अंतर दुसऱ्या मिरचीपासून ठेवावं लागतं. शहरात ते कसं जमणार, माझ्या भिंतीपलीकडेच तीन घरांत मिरची आहे आणि मधमाशा कुंपण मानत नाहीत. मिरची स्वतःचं फूल स्वतः फळवते, त्यामुळे पिशवी हा सोपा मार्ग. लग्नात बडीशेप द्यायच्या ऑर्गांझाच्या छोट्या जाळीदार पिशव्या असतात ना, त्याच. कळ्या फुगलेल्या पण मिटलेल्या असताना पूर्ण फांदीचं टोक पिशवीत घ्यायचं, आधीच उमललेली फुलं आणि धरलेली बारीक फळं तोडून टाकायची, मग दोरी हलकी आवळायची. मलमलचं कापड नको, आत दमट होऊन फुलं कुजतात, मी तो प्रयोग केलाय. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पिशवीला बोटाने दोन-चार टिचक्या मारायच्या. एकदा फूल उघडून जवळून बघा, निळसर परागकोशाला उभी चीर पडते आणि नखाला लावलं की पिठासारखी बारीक पांढरट भुकटी लागते, ती दिसली की टिचकी मारायची वेळ बरोबर आहे.

वाटाण्याएवढी फळं धरली की पिशवी काढायची आणि त्याच क्षणी देठाला रंगीत दोरा बांधायचा. नंतर बांधू म्हटलं की विसरतो आणि मग कोणती मिरची पिशवीतली ते कळत नाही. दोरा नसलेल्या मिरचीचं बी ती कितीही देखणी असली तरी धरायचं नाही, ती खायची. मी हे काम डिसेंबर ते मार्चमध्ये करते कारण रात्री थंड असतात आणि पिशवीत फूल टिकतं. कॅनडात तुम्हाला घरात फेब्रुवारीतच रोपं करावी लागणार आणि मे संपता संपता बाहेर काढावी लागणार. तिथे मी म्हणेन की झाड घरात खिडकीशी असताना येणारी पहिली फुलंच बियांसाठी धरा, घरात मधमाशी नसते, पिशवीचीही गरज नाही, फक्त खिडकीत दुसरी मिरची नको.

एकाच सुंदर झाडाचं, एकाच मोठ्या मिरचीचं बी धरायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. दहा-बारा झाडं ठेवा आणि प्रत्येक चांगल्या झाडाची दोन-तीन फळं घ्या, नाहीतर जुन्या वाणातली जी आतली विविधता असते, कोणी लवकर फळतं, कोणी कोरड्यात तग धरतं, ती दोन-चार पिढ्यांत निघून जाते. माझ्या चौदा झाडांतली दोन खुजी राहिली ती मी उपटली, बाकी बारा ठेवली. आणि दुकानातल्या मिरचीचं बी काढणाऱ्यांनो, त्या टोपलीत चार शेतांच्या मिरच्या असतात, शेजारी काय लावलं होतं कुणाला माहीत, खायला आणा पण बियांसाठी एखाद्या माळ्याकडून, शेतकऱ्याकडून ओळखीचं बी मागा.

बी काढताना हातमोजे घाला, पातळ रबरी चालतात. एकदा मी नुसत्या हाताने वीस मिरच्या कापल्या, साबणाने तीनदा हात धुतले आणि रात्री लेन्स काढताना जी आग झाली ती अजून आठवते. आधी हाताला खोबरेल चोळा आणि मग साबण लावा, कारण ते तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. मिरची झाडावर पूर्ण पिकून किंचित मऊ पडेपर्यंत थांबायचं, तोडल्यावर आठवडाभर तशीच ठेवायची, मग बी काढून चिनी मातीच्या बशीवर सावलीत पंख्याखाली पसरायचं. ऊन नको, ओव्हन तर नकोच. भरलेलं बी गवताच्या काडीच्या रंगाचं आणि टणक असतं, चपटं काळपट पडलेलं टाकून द्या. दुमडल्यावर न वाकता कट्कन मोडलं की वाळलं.

साठवणीत माझी सगळ्यात मोठी चूक कपाट. बियांतला ओलावा एक टक्का कमी झाला किंवा तापमान पाच अंश कमी झालं की बियांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा एक जुना ठोकताळा आहे आणि तो मला पटलाय. आता मी तांदूळ कढईत कोरडे भाजून, गार करून, बाटलीच्या तळाशी दोन बोटं घालते, वर कापसाचा थर, वर बियांची कागदी पुडी, घट्ट झाकण आणि बाटली फ्रिजमध्ये. पुडीवर वर्ष, झाडांची संख्या आणि शेजारी काय लावलं होतं ते. फ्रिजमधून काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर बियांवर दव धरतं. आणि सगळं बी एका वर्षी कधीच लावायचं नाही, अर्धं मागे ठेवायचं.

ही जपणूक फक्त इथलीच नाही. गोव्यातल्या काणकोणच्या खोला मिरचीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तिथेही डोंगरउतारावर पावसाळ्यात ती पिकवणाऱ्या बायका बी घरचंच धरतात. जात वेगळी आहे पण परागकणांचा नियम तोच, त्यामुळे गोव्यात कुणी परसात खोला लावत असेल तर पिशवी त्यांनाही लागू.

२०२४ च्या जूनमध्ये माझ्या बारा झाडांच्या दोरा बांधलेल्या मिरच्या पिकल्या. ३ जुलैला बेरिल वादळ जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याजवळून गेलं आणि सेंट एलिझाबेथची दैना झाली. आजींच्या घराचे पत्रे उडाले, परसातलं एकही झाड उभं राहिलं नाही, बियांची पुडी माळ्यावर होती ती भिजून बुरशीने गेली. फोन लागायलाच दहा दिवस गेले. ऑगस्टमध्ये आम्ही भेटायला गेलो तेव्हा मी बाटली घेऊन गेले. त्यांनी बी तळहातावर घेतलं, नखाने एक मोडून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, जवळ दुसरी मिरची होती का? मी पिशव्यांचं, दोऱ्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि निम्मं बी मला परत दिलं, म्हणाल्या एका घरात सगळं ठेवायचं नाही.

त्यांची झाडं या मार्चमध्ये फळली, फोटो आला, टोप्या छान चपट्या आहेत. मावसबहिणीला मी साठ बिया पाठवणार होते पण कॅनडात बी पाठवायचे नियम आधी बघून घेणार आहे, तोपर्यंत तिने फिकं झाड काढून टाकावं आणि यंदाचं बी अजिबात धरू नये. कुणाच्या झाडांचं वेगळंच काही होत असेल तर फूल, देठाखालची खाच आणि उभी कापलेली मिरची असे तीन फोटो टाका, आणि वाफ्याच्या आसपास कोणत्या मिरच्या आहेत तेही लिहा, त्याशिवाय मला सांगता येणार नाही.